चतुराबाईनं तुडवलेला मुरघास

सकाळी धार काढायला पुंजाराम गोठ्यात शिरला आणि जागीच थिजला. कपिला गायीच्या मागं ओल्या शेणात वासरू पडलं होतं. मेलेलं. अजून दोन महिने ते पोटात राहायचं होतं.

सून योगिनी बादली घेऊन आली, तिनं पाहिलं आणि किंचाळली. मग तिनंच डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर हर्षल सायखेड्याहून आले. कपिलेला तपासून म्हणाले, "खायला काय घालता?"

"मुरघास. मक्याचा. घरचाच हाय."

डॉक्टरांनी हवाबंद करून मुरवलेल्या त्या चाऱ्याच्या मोठ्या पिशवीत हात घातला. मुठीत पांढऱ्या-निळ्या बुरशीचे गठ्ठे आले.

"नाना, हे गाभण गायीला? हवा लागली की वरचा थर नासतो. तो काढून टाकायचा असतो, माहीत नाय का?"

माहीत होतं. बायकोनंच शिकवलं होतं. पिशवी दोघांनी मिळून भरली होती. तो मक्याची बारीक कापलेली कुट्टी ओतायचा, चतुराबाई आत उभी राहून पायांनी तुडवायची. "जरा भरून आणा की पाटी! तुमच्या हातानं भरेपर्यंत दिवाळीच येईल," असं वर चिडवायची. पंधरा दिवसांनी तिला ताप आला आणि त्यातच ती गेली. पुढं पिशवी उघडली, बाकीच्या दोन गायींचं दूध दोन-दोन लिटरनं वाढलं, तेव्हा पुंजाराम पिशवीला टेकून रडला होता.

मग बुरशी दिसली. त्यानं नासलेल्याची पाटी भरलीही. पण तिच्या पायांनी दाबलेला चारा उकिरड्यावर टाकायला हात धजेना. त्यानं पाटी गव्हाणीत ओतली. आठ दिवस तेच.

"मी म्हणलं होतं, नाना, फेका," योगिनी रडत म्हणाली. "तुमी म्हणले, आत्याबाईंच्या हातचं हाय, काय व्हतंय."

"मी मारलं त्याला," पुंजाराम म्हणाला.

"तपासल्याशिवाय तसं सांगता येत नाय," डॉक्टर म्हणाले. "पण हे आधी बंद करा. बाकीच्या गायींना आज घातलं का?"

पुंजारामनं गोठ्याकडं पाहिलं. डॉक्टर येईपर्यंत सुन्न डोक्यानं, हाताच्या सवयीनं, त्यानंच गव्हाणी भरल्या होत्या. दोन्ही गायी मान खाली घालून खात होत्या.

तो धावला. गायींची तोंडं कोपरानं ढकलत दोन्ही हातांनी चारा उपसू लागला. भरलेली पाटी त्यानं उकिरड्यावर उपडी केली आणि दुसरी भरायला पळाला.