परत पाठवायचा फोटो

आमच्या कलाकेंद्रात दरवर्षी फोटोंचं प्रदर्शन भरतं. तीन परीक्षक तीनशे-चारशे फोटो चाळतात, चाळीस निवडतात आणि ते चाळीस भिंतीवर लावायचं काम माझं. फ्रेमा मी करते, खिळे मी ठोकते. म्हणून दादा मला खिळा म्हणतो. परीक्षकांशी ओळख करून देतानाही म्हणाला, हा आमचा खिळा. ते हसले. मीही हसले, मूर्खासारखी.

या वर्षी दादाचे तीन फोटो निवडले गेले. तिन्ही बाबांचे, ते गेले त्या दुपारचे. खिडकीतला तिरपा उजेड, पांढरी उशी, मिटलेले डोळे. परीक्षकांनी लिहून दिलं होतं की मरणाची एवढी शांतता आम्ही कधी पाहिली नाही. पहिलं बक्षीस त्यालाच होतं. मला आधीच माहीत, कारण बक्षिसाची चिठ्ठी फ्रेमखाली मलाच चिकटवायची होती.

त्या दुपारी बाबांजवळ मी होते. त्यांची फुप्फुसं संपली होती. ऑक्सिजनच्या मशीनची नळी चोवीस तास नाकात. आई कामावर होती आणि मी औषधं आणायला पाऊण तास बाहेर गेले. दादा म्हणतो, तो आला तेव्हा नळी निसटून उशीवर पडली होती आणि बाबा गेलेले होते. त्याने आधी फोटो काढले, मग फोन केला. कलाकार माणूस आहे, त्याचं दुःख असंच असायचं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आणि नळी नीट न चिकटवता बाहेर भटकायला गेलेली कोण? मी.

मी आईला शपथ घेऊन सांगितलं होतं की चिकटवली होती. दवाखान्यातली पट्टी संपली म्हणून फ्रेमांच्या मागे लावते ती तपकिरी कागदी पट्टी गालावर लावली होती. आई म्हणाली, मग ती गेली कुठे? गालावर नव्हती, उशीवर नव्हती. त्यानंतर दोन वर्षं आई माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवण झाकून ठेवलंय. दार लावून घे. बास. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं की नसेल लावली.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी केंद्राच्या बाईंनी नाकारलेल्या फोटोंचा ढीग माझ्यापुढे टाकला. पाकिटं भरणारी मुलगी तापाने पडली होती, तेव्हा ते कामही खिळ्याच्याच डोक्यावर. जमिनीवर बसून एकेक पाकीट भरत होते. फोटोंवर नावं नसतात, नुसते नंबर असतात, पण दादाचा नंबर मला पाठ होता. त्याने चार फोटो दिले होते. चौथ्याच्या मागे परीक्षकाने पेन्सिलीने लिहिलं होतं: गर्दी फार.

मी तो उलटा केला.

तीच उशी, तोच तिरपा उजेड. पण मशीन पलंगाशेजारी होतं आणि त्याचा हिरवा दिवा चालू होता. नळी बाबांच्या नाकात होती. बाबांचे डोळे उघडे होते आणि ते सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे दादाकडे, बघत होते. गालावर माझी पट्टी. एक टोक दातांनी तोडलेलं, कारण माझा एक हात नेहमी फ्रेम धरण्यात अडकलेला असतो आणि मी पट्टी दातांनीच तोडते.

दादाने हा फोटो स्वतःच्या हाताने स्पर्धेला पाठवला होता. लपवला नाही, फाडला नाही. त्याला यात बाबा दिसलेच नव्हते. फक्त उजेड दिसला होता.

फ्रेम करायला वेळ नव्हता. त्याच्या बाकीच्या तीन फोटोंच्या आधी डावीकडे एक खिळा ठोकला आणि फोटो चिमट्याने अडकवला. लेव्हल लावून सरळ केला.

चार वाजता माणसं जमली. दादा आईला दंडाला धरून भिंतीजवळ घेऊन आला. मी शिडीपाशी उभी होते. आई बक्षिसाच्या फोटोकडे निघाली होती, पण वाटेत हा आला. ती थांबली. चष्मा पुसला, पुन्हा घातला. मग तिचं बोट बाबांच्या गालापाशी गेलं.

"ही हिची पट्टी," आई म्हणाली. माझ्याकडे बघितलं. मग दादाकडे. "काढली कुणी?"

दादाच्या चेहऱ्यावर मला भीती दिसेल असं वाटलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर वैताग होता, कुणी न विचारता त्याची मांडणी बदलल्याचा.

"अगं, नळीची सावली पडत होती तोंडावर. दोनच मिनिटं काढली होती. परत लावणारच होतो." आणि फोटोकडे हात करून म्हणाला, "बघ ना, किती गर्दी दिसतेय यात."

आईने माझं मनगट पकडलं. इतक्या जोरात की हाड दुखलं.

मागे उभ्या असलेल्यांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. बाईंनी माइकवर पहिल्या बक्षिसाचं नाव घेतलं, टाळ्या सुरू झाल्या, आणि दादा शर्ट नीट करत पुढे निघाला.