कड्याखालचं घर

आमच्या ह्यांचं बिनसलं की ते बोलत नाहीत, हातानं काहीतरी करत बसतात. बेंगळूरच्या पीण्या भागातल्या कारखान्यात जन्मभर साचे बनवले, त्यामुळे हात चालतात आणि जीभ गंजलेली. यंदा बिनसलं होतं ते लेकीच्या घरावरून.

सिद्धी, आमची एकुलती एक, नवऱ्याबरोबर स्वित्झर्लंडमध्ये राहते. गावाचं नाव वाल्डेनरीड. मला ते धड म्हणता येत नाही, मी ‘सिद्धीचं गाव’ म्हणते. तिथं तिनं एक जुनं लाकडी घर पाहून ठेवलं आणि फोनवर म्हणाली, “अप्पा, तुम्ही हो, सरी म्हणालात तरच मी सही करणार.” ह्यांनी फोटो पाहिला. घराच्या पाठीला लागूनच डोंगर, मान मोडेपर्यंत वर बघावं असा. फोन माझ्या हातात देऊन हे चपला घालून आमच्या जे. पी. नगरभर हिंडून आले.

कारण मला ठाऊक होतं. ह्यांची वाडी घाटात, डोंगराच्या पोटाशी. हे शाळेत असताना दरड आली आणि वाडीची खालची आळी गाडली गेली. थोरली बहीण तानू त्यात गेली. तेव्हापासून हे सपाटीवरच राहिले, आधी निपाणीत, मग बेंगळूरात. डोंगराचं नाव निघालं की ह्यांचं एकच वाक्य, “डोंगर दगाबाज असतो.” यावर वाद घालायची माझीसुद्धा छाती नाही, आणि मी कुणाला ऐकणारी नव्हे.

दिवाळी जवळ आली. सोसायटीत मराठी घरं मोजकीच, पण दिवाळीचा किल्ला दरवर्षी होतो आणि तो हेच करतात. पंपाच्या खोलीशेजारी तांबडी माती, विटा, गोणपाट येऊन पडलं. यंदा मात्र ना बुरूज दिसेना ना दरवाजा. शेजारची दिव्यश्री डोकावली, महाराज कुठे म्हणून विचारू लागली, “अंकल, महाराज एल्ली?”

“या वर्षी महाराज नाहीत,” हे म्हणाले. “सिद्धीचं गाव आहे.” ती गेल्यावर मला हळूच म्हणाले, “पोरीला दाखवायचंय, डोंगर काय करतो ते.”

पण ह्यांचं एक आहे, वस्तू खोटी करायला जमत नाही. भीती घालायची तर तीही मापात. रोज दुपारी सिद्धीला फोन. नदी कुठल्या अंगानं वाहते? तळं दिसतं का गावातून? उतार कुठून सुरू होतो? ती बिचारी वेळ काढून सांगायची आणि मी चकल्या तळता तळता ऐकायची.

ऐकता ऐकता मीच त्या गावाच्या प्रेमात पडले. पुढे सपाट हिरवी कुरणं, त्यांच्या कडेनं नदी, ती तळ्याला मिळते. मागे डोंगर इतका जवळ, की ऐन हिवाळ्यात काही आठवडे गावात ऊन उतरतच नाही. ज्या दिवशी ते पहिल्यांदा चर्चच्या पायरीवर पडतं, त्या दिवशी सगळं गाव तिथं जमतं आणि पाव वाटून खातं. त्या चर्चची डोंगराकडची भिंत होडीच्या नाकासारखी टोकदार बांधली आहे, वरून बर्फ आला तर फाटून दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून. हे ऐकून ह्यांचा हात थांबला.

“डोकं लावलंय,” हे म्हणाले. ह्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मी आजवर ऐकलेली नाही.

गाव तयार झालं. काड्यापेटीला तपकिरी रंग देऊन सिद्धीचं घर केलं, कड्याच्या अगदी खाली ठेवलं. मग व्हिडिओ लावून फोन माझ्या हातात दिला, सिद्धीला म्हणाले, “बघ हं,” आणि डोंगराच्या माथ्यावर झारी धरली.

चिखल सुटला. चर्च तेवढं उभं राहिलं, बाकी घरं बुडाली, काड्यापेटी दिसेनाशी झाली. ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

सिद्धी म्हणाली, “अप्पा, कडा उघडा का ठेवलात?”

“कडा उघडाच ठेवतात. झाडी ठेवली तर शत्रूला आडोसा मिळतो.”

“अप्पा, तो किल्ला नाहीये. कड्यावर जंगल आहे. फोटोत काळं दिसतंय ना, ती झाडं आहेत.”

इतकी वर्षं किल्ले केलेला माणूस. मोहरी आणि हळीव पेरायचं ते खाली, शेतासाठी; कडा गुळगुळीत थापायचा. हात सवयीनं चालले होते. मला हसू आलं असतं, पण तेवढ्यात सिद्धी पुढचं सांगू लागली. पूर्वी तो कडा खरंच उघडा होता. लोखंड वितळवायच्या भट्ट्यांना कोळसा लागायचा, गावानं डोंगर तोडून विकला. मग एका हिवाळ्यात बर्फ आणि माती एकदमच खाली आली आणि अर्धं गाव गेलं. उरलेली माणसं चर्चमध्ये जमली. त्यांनी डोंगराला शिव्या दिल्या नाहीत. वरच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, शवपेटीसाठीसुद्धा नाही, असं ठरवलं. शेकडो वर्षं झाली, कुणी लावलेली नाही. आणि गावात नवं घर घेणाऱ्यानं आधी वर जाऊन झाड लावायचं, मग दाराची किल्ली.

हे मातीत बसले होते, तसेच राहिले. “आमच्याकडंही कोळशाच्याच भट्ट्या होत्या,” म्हणाले. “झाडं आमच्याच माणसांनी तोडली. बापानं तोडली. तानू डोक्यावरनं कोळशाच्या पाट्या वाहायची.” लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला पहिल्यांदा कळलं. सगळा राग डोंगरावर काढत आले होते, कारण बापावर काढता येत नव्हता. मला ह्यांची फार माया आली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी डोंगर पुन्हा थापला आणि मोहरी कड्यावर पेरली, दाट, तळापासून माथ्यापर्यंत. काड्यापेटी धुऊन, वाळवून, नव्यानं रंगवून जागच्या जागी ठेवली. मग रोज सकाळी चहाच्या आधी खाली जाऊन नुसतं शिंपडत बसायचे.

पाडव्यापर्यंत कडा हिरवागार झाला. मी फोन धरला. ह्यांनी सगळी झारी रिकामी केली. पाणी मोहरीतून झिरपत, गढूळ होत, चर्चच्या दोन्ही बाजूंनी नदीत गेलं. काड्यापेटीचा नुसता उंबरा भिजला.

“अप्पा?” सिद्धी म्हणाली.

ह्यांनी झारी खाली ठेवली, हात लुंगीला पुसले. “ते झाड घर घेणाऱ्यानंच लावावं लागतं, का बापानं लावलं तर चालतं?”

“विचारते,” ती म्हणाली.

“विचार. आणि एक नाही म्हणावं, दोन लावीन. एक तानूचं.”