इंग्रजीच्या वर्गाचं गाऱ्हाणं

शर्मिष्ठाला राग यायला तसं फार काही लागत नसे. पण देवळाशेजारच्या हॉलवर टांगलेला फलक वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फलकावर तिच्या थोरल्या दिरांचा, म्हणजे भाईंचा, हात जोडलेला भला मोठा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'भाईंच्या संकल्पनेतून इंग्रजी वर्गाचा शुभारंभ. मार्गदर्शक : केयूर सर, कणकवली.' शुभारंभ म्हणे. मग इतकी वर्षं शाळा सुटल्यावर याच हॉलात वाडीतल्या पोरांना इंग्रजी कोण शिकवत होतं? देवळातली घंटा?

शिकवत होती ती. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, मालवण तालुक्यातल्या या वाडीत सून म्हणून आलेली, नवरा सुदेश वर्षातले बरेच महिने बोटीवर. सुरुवातीला ती घरच्या पडवीत शिकवायची. मग भाईंनी पडवीला भिंती घातल्या, एसी बसवला आणि पर्यटकांसाठी खोल्या काढल्या. तेव्हा देवस्थान समितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनीच हॉलची चावी तिच्या हातात ठेवली होती. "शिकव हयसर, कोण इचारता तुका," असं म्हणाले होते. तो हॉल गेला तर तिला बसायला जागा नव्हती, आणि पोरांनाही. पिकतं तिथं विकत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण पिकवणाऱ्यालाच बांधावरून ढकलून देतात, हे नवीन होतं.

पोरं आली होती. दहावीची दीपिका पुढे बसलेली. वर्ग तर घ्यायलाच हवा होता, म्हणून शर्मिष्ठाने खडू उचलला. आज क्रियापदं.

"मी तळतंय," ती म्हणाली. "विचारा बघू, काय?"

"काय तळतास?" पोरं एकसुरात.

"बांगडो. उत्तर आलं ना? म्हणजे तळण्याला कर्म लागतं. हे सकर्मक. आता, मी झोपतंय. विचारा, काय?"

पोरं हसली. काय झोपतास, हा काय प्रश्न झाला?

"उत्तर नाही, म्हणजे अकर्मक. काम करणाऱ्यापाशीच संपलं." तिने फळ्यावर तवा काढला. बांगडा तव्यावर चुरचुरतोय तोवर 'आय ॲम फ्राइंग'. ताटात पडला, अजून गरम आहे, हात लावला तर भाजतो, तेव्हा 'आय हॅव फ्राइड'. काल खाल्ला, काटे मांजराने नेले, ताटं घासून झाली, तेव्हा नुसतं 'आय फ्राइड'. आणि सकाळपासून तळतेच आहे, कंबर मोडली तरी पाहुणे संपत नाहीत, तेव्हा 'आय हॅव बीन फ्राइंग'. हे शेवटचं तिने जरा जास्तच जोरात म्हटलं.

"बाई, ह्या 'हॅव'चा काम काय?" दीपिकाने विचारलं.

"'हॅव', 'बी', 'डू' ही साहाय्यक क्रियापदं. घरातल्या सुनेसारखी. काळ त्यांनी दाखवायचा, 'नाही' म्हणायचं तर तेही त्यांच्याच डोक्यावर, प्रश्न विचारायचा तर पुढे उभं त्यांनी राहायचं. आणि नाव मुख्य क्रियापदाचं." हे बोलताना तिने खडू इतका दाबला की तो मोडला. बाई कोणावर चिडल्यात ते पोरांनाही कळलं होतं. फलक त्यांनीही वाचला होता.

केयूर वाईट मुलगा नव्हता, हीच तर अडचण होती. भाईंच्या बायकोचा, सीतावहिनींचा, तो भाचा. मागच्या आठवड्यात येऊन तिच्या वर्गात मागे बसला होता. त्याच्याकडे बारा काळांचा बारा चौकटींचा तक्ता होता, प्रत्येक चौकटीत सूत्र, आणि त्यात एकही चूक नव्हती. जाताना अदबीने म्हणाला, "मॅडम, तुमचं बांगड्याचं उदाहरण छान आहे, पण अशाने पोर्शन कधी संपायचा?" तो उद्धट असता तर तिला बरं वाटलं असतं. उद्धट माणसाला चार शब्द सुनावता येतात. त्याने तक्ता पाठ करून घेतला तर ही पोरं चौकटी धडाधड म्हणून दाखवतील आणि समोर परका माणूस उभा राहिला की तोंडाला कुलूप लावतील, हे तिला दिसत होतं. तिच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा पोरं अशीच होती.

घरी भाई ओटीवर पेपर वाचत बसले होते. थोरल्या दिरांसमोर उभं राहून वाद घालायची या घरात रीत नाही. तरी तिने दारात उभं राहून विचारलंच.

"भावोजी, तुमी वर्ग माझ्याकडून काढून घेतलास काय?"

"काढूक कशाक व्हयो? तू घरातलाच माणूस," भाई पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "मुंबयच्या आपल्या गाववाल्यांच्या मंडळान एवढो मोठो टीवीसारखो पडदो दिल्यानी. तेका कोर्स केलेलो मास्तर नको? तू पोरांका खेळवतंस, ता बरा आसा, पण आता सगळा पद्धतशीर होवक व्हया. उद्या लोक येतले, तू चाय-भजीचा बघ. आणि चावी केयूराकडे दी."

खेळवतंस. शर्मिष्ठाच्या अंगाचा तिळपापड झाला. ओठांवर आलेलं सगळं गिळून ती स्वयंपाकघरात गेली. सीतावहिनी कांदे चिरत होत्या. त्यांचे डोळे लाल होते, पण ते कांद्यामुळेच असतील असं नाही. "माका कोणी इचारूक नाय गो," एवढंच त्या म्हणाल्या. सुदेशचा फोन लागला तेव्हा तो म्हणाला, "भाईंका उलटून बोला नको. मी इल्यावर बघूया." बोटीवरून सगळंच लांब दिसतं, भावाचा अन्यायसुद्धा. तिने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. पडदा भिंतीवर लागला होता, त्यावर बारा चौकटी झळकत होत्या. पोरं नवे कपडे घालून एका बाजूला, बायका मागे, पुरुष पुढे, आणि शर्मिष्ठा दाराशी चहाच्या किटलीपाशी. आमच्याकडे कोणत्याही कामाला हात लावायचा तर आधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण देवाला काय काय चाललंय ते सांगतो आणि प्रत्येक वाक्याला बाकी सगळे 'होय महाराजा' म्हणतात. लग्न असो, नवी होडी असो की क्रिकेटची मॅच, गाऱ्हाण्यावाचून चालत नाही. इतकी सवय की समोरचा काय बोलतोय ते कानात शिरायच्या आधी तोंडातून 'होय महाराजा' निघून गेलेलं असतं.

गाऱ्हाणं घालायला महादूआजे उभे राहिले. वाडीतला हा मान त्यांचाच. हातात नारळ धरून त्यांनी डोळे मिटले.

"बा देवा महाराजा..."

"होय महाराजा." सगळ्यांत मोठा आवाज भाईंचा. अध्यक्षाने मागे राहून कसं चालेल?

"आज ह्या तुझ्या हॉलात तुझ्या भाईन पोरांसाठी इंग्रजीचो नवीन वर्ग..."

"महादूआज्या, देवाक खोटा सांगू नकात," शर्मिष्ठा म्हणाली.

ती ओरडली नव्हती. पण गाऱ्हाण्यात कोणी मध्ये बोलत नाही, त्यामुळे सगळ्या माना वळल्या. महादूआज्यांनी डोळे उघडले. देवाला खोटं सांगितलं तर ते सांगणाऱ्यावर उलटतं, असं त्यांनी आयुष्यभर इतरांना बजावलेलं होतं. त्यांनी एकदा भाईंकडे पाहिलं, एकदा हातातल्या नारळाकडे. मग तो नारळ त्यांनी तिच्यापुढे धरला.

"मगे खरा काय ता तूच सांग, बाये."

बाईमाणसाने गाऱ्हाणं घातल्याचं त्या हॉलात कोणी पाहिलं नव्हतं. शर्मिष्ठाने किटली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि नारळ घेतला.

"बा देवा महाराजा," ती म्हणाली.

"होय महाराजा." सवयच ती. पुरुषांनी म्हटलं, बायकांनी म्हटलं, भाईंनीही म्हटलं.

"ह्या हॉलात कितीक वर्सां तुझी पोरां इंग्रजी शिकतत, महाराजा."

"होय महाराजा."

"तेंका शिकवणारी बाय तुझ्याच गावची सून, महाराजा."

"होय महाराजा."

"तिना कोणाकडे काय मागूक नाय, आणि कोणी तिका काय दिल्यान नाय, महाराजा."

"होय महाराजा." इथपर्यंत भाईंचा आवाज सगळ्यांत वर होता. मान डोलावत ते म्हणत होते.

"आज तिचो वर्ग काढून घेतल्यानी, आणि तिका चाय ओतूक उभी केल्यानी, महाराजा."

"होय महा..." भाईंचा आवाज तिथे तुटला. तुटला, पण फार उशिरा. पुढच्या रांगेतल्या पुरुषांनी पूर्ण म्हणून टाकलं होतं आणि आता ते एकमेकांकडे बघत होते.

"ज्येंनी ह्या केल्यानी ते हयच उभे आसत, महाराजा."

या वेळी पुरुष गप्प. पोरांनी मात्र घसा फोडून म्हटलं, "होय महाराजा." दीपिकाचा आवाज फाटला. मागच्या बायकांमधून एकच आवाज आला, ठणठणीत, आणि सगळ्यांनी ओळखला. सीतावहिनींचा.

"तेंका बुद्धी दी. आणि ह्या पोरांका तेंची बाई ऱ्हवांदे, महाराजा."

"होय महाराजा," महादूआजे म्हणाले, आणि त्यांनी म्हटल्यावर बाकीच्यांना म्हणावंच लागलं. तिच्या हातातून नारळ घेऊन त्यांनी तो पायरीवर फोडला. भाई पुढे आले. "ह्या गाऱ्हाणा धरूचा नाय," ते म्हणाले.

"पयल्यांदा होय कोण म्हणालो?" महादूआज्यांनी शांतपणे विचारलं. "देवान ऐकला ता ऐकला. आता माका फिरवूक येवचा नाय."

केयूरने पडदा बंद केला, तक्त्याच्या प्रती पिशवीत भरल्या आणि शर्मिष्ठासमोर येऊन उभा राहिला. "मॅडम, मला यातलं काही माहीत नव्हतं," तो म्हणाला. ते खरं असावं. तिला त्याचाही रागच आला. माहीत करून घ्यायला त्याला कोणी अडवलं होतं? तिने मान हलवली आणि त्याला न दिलेली हॉलची चावी कमरेला खोचली.

घरी पोचली तेव्हा भाई ओटीवर उभेच होते. बाजूला सीतावहिनी, खाली मान घालून.

"गावासमोर माझी अब्रू काढलंस," भाई म्हणाले. "वर्ग तुका लखलाभ. पण आजपासून ह्या घरात तुझी चूल वेगळी. तुझ्या हातचा पाणीसुद्धा माका नको. सुदेशाक मी सांगतंय."

लग्न होऊन आल्यापासून ज्या चुलीवर तिने या माणसाला वाढलं होतं, त्या चुलीबद्दल तो बोलत होता. रडू आलं असतं तर तिने रडून घेतलं असतं. पण आतमध्ये रागाशिवाय काही उरलंच नव्हतं. तिने थोरल्या दिरांच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"होय महाराजा," ती म्हणाली, आणि आपली भांडी बाजूला काढायला आत गेली.