देवीच्या गळ्यातली पिन

रत्नप्रभाकाकूंच्या खोलीपुढे निम्मी भटवाडी लोटली होती. देव्हाऱ्यातल्या देवीच्या गळ्यातून रक्त वाहत होतं म्हणे! ही देवी म्हणजे एक चित्रकथेचं पुस्तक. काकूंच्या मुलाने, चंद्रप्रकाशने, कॉलेजात असताना रद्दीवाल्याकडून आणलेलं जुनं कॉमिक. पुढचं आणि मागचं कव्हर मिळून देवीचं एकच मोठं चित्र होतं, म्हणून काकूंनी ते उलगडून देवांत उभं केलं होतं. आता त्या देवीच्या गळ्यावर तांबूस ओघळ आला होता आणि चेहरा पार फिका पडला होता.

"सून आल्यापासूनच ना हे?" धोंडिरामबुवांनी डोळे मिटून विचारलं. लग्नात पोटभर जेवून गेल्यामुळे सून कधी आली ते त्यांना ठाऊक होतंच. "मातेचा कोप! कंठातून रुधिर, मुखावर मृत्यूची छाया! ही मुलगी सूर्यास्ताआधी माहेरी गेली नाही, तर कुळाचा निर्वंश!" एरवी तंबाखू मागताना बुवांना इतकं संस्कृत सुचत नसे.

सुलक्षणा दारात उभी होती, शेजारी तिची ट्रंक. लग्नाला चार महिनेही झाले नव्हते पोरीच्या. चंद्रप्रकाश तिच्याकडे न बघता भिंतीचे पोपडे काढत होता. मला दोघांकडेही बघवेना.

तेवढ्यात शेजारच्या कमलबाई शाळेतून आल्या. शाळेतलं वाचनालयाचं कपाट त्याच सांभाळत. गर्दीतून वाट काढत त्यांनी पुस्तक उचललं.

"शिवू नकोस!" बुवा ओरडले.

"शिवले, बुवा. आता काय करता?" असं म्हणून बाईंनी मधलं पान उघडलं. तिथे एक राक्षस लाडू खात बसला होता, आणि त्याच्या पोटावर तसाच ओघळ होता, अधिक गडद. "बघा, ह्याला तर जास्तच रक्त आलंय. ह्याचाही कोप का?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पानं जोडणाऱ्या पिनेचे पाय इथे मुडपलेत. ते गंजले, आणि गंज झिरपत कव्हरपर्यंत गेला. आमच्या कपाटात पाणी शिरलं तेव्हा क्रिकेटच्या मासिकालाही असंच रक्त आलं होतं." बाईंनी केसातल्या आकड्याने पिन उचकटली. तिचे दोन तुकडे झाले आणि बोटाला तांबडी पूड लागली.

"पण आधी नव्हतं गं असं," काकू पुटपुटल्या.

"पूजेत ह्याच्यावर पाणी शिंपडता?"

"आधी नुसतं फूल वाहायचे. आता स्वयंपाक सून बघते, म्हणून पूजेला वेळ मिळतो. सगळ्या देवांना रोज आंघोळ घालते, तशी हिच्यावरही..." काकू मध्येच थांबल्या.

"आणि देव्हारा खिडकीत कधी हलवलात?"

"सुनेची ट्रंक ठेवायला जागा नको?"

बाईंनी कव्हर सगळ्यांना दाखवलं. गणपतीच्या तसबिरीआड झाकलेले देवीचे पाय अजून लालभडक होते. वरचा उघडा भाग तेवढा फिका, आणि मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ. "ऊन लागून रंग उडालाय. मृत्यूची छायाबिया काही नाही."

बुवा चपला शोधायला लागले.

काकूंनी पदर तोंडावर घेतला. "सुलक्षणा, आत ये गं. तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मी."

सुलक्षणा जागची हलली नाही. "आई, तुम्हांला पिन दिसली नाही, ते राहू दे. पण एवढी माणसं जमली, पुस्तकाला रक्त येईल कुठून, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही?" मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही तरी विचारायचंत."

चंद्रप्रकाशने ट्रंकेला हात घातला. तिने त्याचा हात बाजूला केला आणि स्वतःच ट्रंक उचलून आत नेली. आम्ही सगळे माना खाली घालून उभे होतो. लाज वाटत होती, आणि ती बुवांची नव्हती, आमची होती.

लोकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हा डाग कशाने पडला? उत्तर आलं नाही तरी चालेल, पण विचारा. त्या दिवशी कुणी नुसतं विचारलं असतं, तरी ती मुलगी ट्रंक घेऊन दारात उभी राहिली नसती.