हजेरीची यादी

“तीन आठवडे कावीळ होती, असा डॉक्टरचा दाखला आण. बाकी मी बघतो,” केसरीनाथ म्हणाले.

ऑफिसच्या खिडकीपलीकडे मनिषा आणि तिचा बाप मंगळ्या उभे होते. अकलोलीच्या वरच्या पाड्यावरून पहाटेच निघून ती दोघं एसटीने भिवंडीला आली होती. मनिषा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. परीक्षेला बसायचं तर पंच्याहत्तर टक्के हजेरी हवी. तिची भरली एकसष्ट. दिवाळीनंतर सगळं घर वीटभट्टीवर गेलं, तेव्हा तीही गेली होती. नियमात सूट होती, पण ती आजारपणाला. भट्टीला नव्हती.

केसरीनाथ भोईर या कॉलेजात सव्वीस वर्षं क्लार्क. दर मार्चात त्यांच्या टेबलावर इतके दाखले येत, की निम्मी भिवंडी अंथरुणाला खिळली आहे असं वाटावं. गोदामवाल्यांची पोरं गोव्याला जात आणि कागदावर सलाईन लावून घेत. केसरीनाथांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. ही पोरगी मात्र घरी बसू नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मनिषाने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. दाखला तिने आधीच आणला होता.

“काय लिवलंय यात?” मंगळ्याने विचारलं.

“मी आजारी व्हते म्हून.”

मंगळ्याने कागदावर हात ठेवला. “न्हाय साहेब. हा घेऊ नका.”

“अरे बाबा, कागद हाय नुसता! सगळेच देतात.”

“मी बी सांगितलं व्हतं. गावदेवाच्या सणाला घरी जायचं, भट्टीवरचा शेठ सोडंना. म्हनलं, कमळी आजारी हाय. हिची आय. चांगली हिंडतीफिरती व्हती. आठ दिसांत तापानं गेली. बायकोला म्हनलं. पोरीला न्हाय म्हननार.”

केसरीनाथ चिडले. अंधश्रद्धेवर त्यांच्याकडे एक भाषण कायम तयार असे. ते ओठांवर आलंही, पण मंगळ्याचा हात कागदावरून हलला नव्हता. ते मनिषाकडे वळले.

“मनिषा, वर्ष तुझं हाय. तू सांग. पाचला हजेरी कमी असलेल्यांची यादी लागते. नाव आलं की परत हेच वर्ष.”

तिने बापाच्या हाताखालून कागद ओढला. तिचे डोळे भरले होते आणि तिला त्याचा संतापही आला होता. कागद तिने खिडकीच्या आत धरला. बराच वेळ धरला. मग पुन्हा घडी घातली.

“पुढच्या वर्षी बसता येतं ना, सर?”

“येतं.”

पुढच्या दिवाळीनंतरही भट्टी होतीच. तिघांनाही ते ठाऊक होतं.

पाचला केसरीनाथांनी बोर्डावर यादी लावली. बापलेक अजून व्हरांड्यातच बसले होते. मंगळ्या उठून जवळ आला.

“यात हिचं नाव कंचं, साहेब?”

केसरीनाथांनी बोट ठेवलं. शोधावं लागलं नाही. बाकीची एकशे चाळीस पोरं आजारी होती. यादीत तेवढं एकच नाव होतं.