दोन वर्षं की पंधरा

अगं, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. रंगाच्या दुकानात माणिक भैयाने काउंटरवर दोन रंगवलेल्या फळ्या ठेवल्या आणि ओल्या फडक्याने खसाखसा पुसल्या. स्वस्त, जेमतेम दोन वर्षं टिकणाऱ्या डिस्टेंपरच्या फळीवरून फडक्याला रंग लागला. दुसरी, मंद चकाकीची, महाग पण टिकाऊ, जशीच्या तशी! आपली अबोली खूश. तिचे बाबा, गोपीनाथ, तर त्या चकाकीवर बोटं फिरवतच राहिले. तीस वर्षं एअरफोर्सच्या क्वार्टरात काढलेला माणूस तो. भिंती कायम सरकारी पिवळट. आता रंगवायचं ते सरोजिनी नगरमधलं घर जुनंच घेतलं होतं, पण पहिलं स्वतःचं.

"कितने साल चलाना है, सर?" भैयाने विचारलं.

"पंद्रह," बाबा म्हणाले.

"दो," आई म्हणाली.

एकाच वेळी, यार! भैयाचं फडकं हातातच राहिलं.

"अरुणा, दोन कशी?"

"तुम्हीच म्हणाला होतात. दोन वर्षांत अबोलीचं एमएस्सी झालं की आपल्या गावी, कराडला जायचं."

"म्हणालो होतो. पण घर घेतलं तेव्हा तू काही बोलली नाहीस."

"विचारलंत कुठे?"

बाबांनी उगाचच एक ब्रश उचलला. त्याचे केस तळहातावर दाबले, सोडले, पुन्हा दाबले.

"भैया, डिस्टेंपर दे दीजिए," ते हळूच म्हणाले.

"काही नको!" आई लगेच. "भिंतीला टेकून पेपर वाचता, पाठ रोज पांढरी होईल. धुणार कोण? भैया, वो चमकवाला दीजिए."

"डिस्टेंपर."

"चमकवाला."

"अरे, अभी तो आप लोग उल्टा बोल रहे थे!" भैयाने कपाळाला हात लावला. "बिटिया, तुम ही बताओ."

अबोलीने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं.

"पुट्टी तो दोनों में लगेगी न?"

"लगेगी. प्राइमर भी."

"तो अभी वही दीजिए."

मग काय, पुट्टी, प्राइमर, सँडपेपर, खरवडायच्या पत्त्या आणि एक रोलर घेऊन तिघं घरी. तीन दिवस नुसतं खरवडणं आणि घासणं. आईने नाकाला ओढणी बांधलेली, बाबा डोक्यापासून पायापर्यंत पांढरे.

"आत्ताच आजोबा झालात," आई म्हणाली.

"मग तू कोण?" बाबांनी तिच्या गालाला पुट्टीचं बोट लावलं. आई ओरडली, पण गाल पुसला नाही. कराडचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

काल प्राइमर सुकला. आज सकाळी भैयाचा फोन.

"बिटिया, फिर क्या भेजूँ?"

आई चहा गाळता गाळता थांबली. बाबांनी पेपर खाली केला, पण वर पाहिलं नाही. अबोलीच्या कानाला फोन.

"हेलो? बिटिया?"

सांग ना, तू असतीस तर काय मागवलं असतंस?