कोऱ्या पट्टीतली पायरी

तिने आलेखाच्या कागदाला चार घड्या घातल्या, तो पर्सच्या तळाशी कोंबला आणि मगच बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं.

"बरं झालं आलीस. सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसलेत."

सर पलंगावर उशांना टेकून होते. महिन्याभरात माणूस निम्मा झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, सरांनाही.

"काय म्हणतात आमचे जावईबापू?"

प्रयोगशाळेतला जुना विनोद. धातूच्या पातळ थरात चुंबकत्वाचा एक इवलासा भोवरा तयार होतो. तो दिसत नाही. थरातल्या एखाद्या दोषापाशी अडकला की व्होल्टेज एका पायरीने चढतं, तेवढीच त्याची खूण. त्याच्यासाठी खोली थंड ठेवायची, दार आपटायचं नाही, मोबाइल बाहेर. एवढी बडदास्त जावयाचीच, असं सर म्हणायचे. त्या पायरीवर दोघांचा शोधनिबंध उभा होता, सरांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा.

"मजेत आहेत."

"आणि कोरी पट्टी?"

तुलनेसाठी बनवलेल्या कोऱ्या पट्टीत दोष तसाच, पण भोवरा तयारच होऊ शकत नाही. तिथे व्होल्टेज सपाट राहायला हवं होतं. आठवडाभर तिने मोजून पाहिलं, तारा बदलून, जोडण्या पुन्हा करून. दर वेळी तीच पायरी, त्याच जागी. पायरी भोवऱ्याची नव्हतीच, नुसत्या दोषाची होती. या माणसाला आता हे सांगायचं, एवढं दगडाचं काळीज तिच्याकडे नव्हतं.

"सपाट आहे, सर." तिने पर्सची चेन ओढली. ती आधीच बंद होती.

सरांनी उशीखालून पाकीट काढून पुढे केलं. आत निबंध मागे घेत असल्याचं पत्र होतं. खाली त्यांची सही, तारीख दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवसाची. शेजारी तिच्या सहीपुरती जागा सोडलेली.

"थांबलो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, तू स्वतः मोजशील आणि येऊन सांगशील."

तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. दाराशी आलेल्या काकू तशाच मागे फिरल्या.

"पुन्हा विचारतो. कोऱ्या पट्टीत काय दिसलं?"

"पायरी."

"केवढी?"

तिने कागद काढून पांघरुणावर उलगडला, घड्या तळहाताने सारख्या केल्या.

"अठ्ठेचाळीस नॅनोव्होल्ट."

"माझी सत्तेचाळीस आली होती." सरांचं बोट आलेखावरून सावकाश फिरलं. "म्हणजे जावईबापू कधी आलेच नव्हते. सहा वर्षं आपण रिकाम्या खुर्चीची सरबराई केली."

हसू खोकल्यात गेलं. तिने पाणी पाजलं. मग सरांनीच पेनचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं.

"कर सही. आणि तो एक नॅनोव्होल्ट कुणाचा चुकला, ते बघून ये. उद्या सांग मला."

तिने सही केली.

"उद्या सांगते," ती म्हणाली.